मुंग्या कुठल्या बोटाला?

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात आरोग्य समितीने केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद, स्वयंसेवक आणि बटाटेवड्यांचा वास येत असतानाही खुर्ची न सोडलेल्या श्रोतेहो, तुमचे मनापासून आभार. आजची तिकिटे घेऊन तुम्ही मदतनिधीला हातभार लावलात. या 'हातभार' शब्दाचाच धागा धरून आम्ही आज हातापायांबद्दल बोलणार आहोत. आमच्या समितीत दोन डॉक्टर, एक फिजिओथेरपिस्ट आणि एक फार्मसिस्ट आहेत. बोलणार एकजण असला तरी मजकूर चौघांचा आहे. म्हणून 'आम्ही' म्हणतो, उगाच आदरार्थी बहुवचन समजू नका.

गणपती असो, दिवाळी असो की संक्रांतीचं हळदीकुंकू, कुणीतरी आम्हाला बाजूला घेतं आणि म्हणतं, "अहो, जरा विचारायचं होतं. रात्री हाताला मुंग्या येतात." आम्ही लगेच विचारतो, "कुठल्या बोटाला?" समोरचा माणूस गोंधळतो. "बोट असं काही नाही हो, सगळा हातच." मग आम्ही म्हणतो, आज रात्री जाग आली की दिवा लावा आणि नीट बघा. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "करंगळी सोडून बाकीची बोटं!" निम्मं निदान तिथेच झालेलं असतं.

आजच्या भाषणाचं सार एवढंच आहे. कुठे दुखतं, कसं दुखतं आणि कधी दुखतं, हे नेमकं सांगा, आणि वेळेवर सांगा. बाकीचं सगळं याच तीन-चार शब्दांचा विस्तार आहे.

आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे

इंग्रजीत 'पेन' म्हटलं की काम भागतं. आपल्याकडे मात्र कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, उसण भरते, रग लागते, आग होते, मुंग्या येतात आणि हात बधिर होतो. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळी दिशा दाखवतो. मुंग्या, आग आणि बधिरपणा म्हटलं की आधी मज्जातंतूचा विचार होतो. एखादी हालचाल केली की कळ येते म्हटलं तर स्नायूचा किंवा त्याच्या दोरीचा. रात्रंदिवस ठणकतं आणि सूज आहे म्हटलं तर सांध्याचा.

एका बाबतीत मात्र आपली भाषा घोटाळा करते. 'नस' आणि 'शीर' हे शब्द आपण तीन गोष्टींना सरसकट वापरतो. रक्त वाहून नेते ती रक्तवाहिनी. स्नायूला हाडाशी बांधते ती दोरी म्हणजे कंडरा. आणि मेंदूचा निरोप बोटापर्यंत व बोटाचा निरोप मेंदूपर्यंत नेते ती तार म्हणजे मज्जातंतू. "नस दबली आहे" असं कुणी सांगितलं तर यातली कोणती, हे विचारून घ्या. तार दबली तर मुंग्या येतात आणि पुढे ताकद जाते. दोरी दुखावली तर हालचालीला कळ येते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

मनगटातला बोगदा

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. त्याच्या तळाला आणि बाजूंना मनगटाची छोटी आठ हाडं आणि वर एक जाड, न ताणणारा पट्टा. या एवढ्याशा जागेतून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि मीडियन नावाचा एक मज्जातंतू जातो. दादर स्टेशनवरची गर्दीच्या वेळची लोकल आठवा. डब्यात जागा तेवढीच, पण कंडरांची आवरणं सुजली की गर्दी वाढते आणि सर्वांत नाजूक प्रवासी चेंगरतो. तो म्हणजे मज्जातंतू.

हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची खबर नेतो. करंगळीचं खातं वेगळं आहे. म्हणून करंगळी ठीक आणि बाकीची बोटं बधिर, असं असलं की संशय मनगटावर. झोपेत आपण मनगट दुमडतो, त्यानं बोगद्यातला दाब वाढतो आणि रात्री दोन वाजता जाग येते. माणूस हात झटकतो, बरं वाटतं, पुन्हा झोपतो. हे हात झटकणंसुद्धा डॉक्टरला सांगण्यासारखं लक्षण आहे.

हा आजार कॉम्प्युटरबरोबर आला असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मनगटाच्या हाडाच्या दुखापतीनंतर हा मज्जातंतू दबल्याचं वर्णन इंग्लंडच्या जेम्स पॅजेट यांनी 1854 सालीच लिहून ठेवलं होतं. अमेरिकेत या दुखण्याची खरी ओळख डॉक्टरांना करून दिली ती क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. जॉर्ज फॅलन यांनी. त्यांनी 1966 साली सतरा वर्षांचा आणि 654 हातांचा अनुभव प्रसिद्ध केला. मनगटं दुमडून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या आणि मिनिटभर तसंच राहायचं, मुंग्या येतात का ते बघायचं, ही त्यांची चाचणी आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. आत्ता सभागृहात निम्म्या लोकांनी हात दुमडलेले दिसताहेत! करा, पण एवढ्यावरून निदान करू नका.

हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, सांध्यांचा आमवात, वाढलेलं वजन आणि गरोदरपण ही त्याची नेहमीची सोबत. गरोदरपणातला त्रास बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप कमी होतो. आपल्या समाजात मधुमेह किती घरोघरी आहे, हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे हाताच्या मुंग्यांसाठी गेलात तर साखर आणि थायरॉइड तपासली का, हे जरूर विचारा.

उपाय? पहिला उपाय अगदी साधा. रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट. कुठल्याही ड्रगस्टोअरमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. चार-सहा आठवडे रोज रात्री वापरून बघायची. दोन रात्री लावून "काही उपयोग नाही" म्हणत कपाटात टाकायची नाही. पट्टी मनगट सरळ ठेवणारी हवी, वर वाकवणारी नको. त्यानं भागलं नाही तर स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, ते लक्षात ठेवावं. आणि गरज पडली तर तो जाड पट्टा कापून बोगदा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया. ती बहुधा भूल फक्त हाताला देऊन होते आणि त्याच दिवशी घरी सोडतात.

आता महत्त्वाचं. मुंग्या येऊन जात आहेत तोवर मज्जातंतू नुसता तक्रार करतो आहे. बधिरपणा दिवसभर राहू लागला, हातातून कपबशी सुटू लागली, शर्टाची बटणं लागेनात, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट दिसू लागला, की तो मज्जातंतू मरत चाललेला असतो. एकदा तो उंचवटा गेला की शस्त्रक्रिया उत्तम होऊनही तो पूर्ण परत येईल याची खात्री नसते. आमच्याकडे असे हात येतात आणि विचारलं तर उत्तर एकच, "चार वर्षं आहे, पण चालवून घेत होते."

करंगळीची तक्रार

करंगळी आणि अनामिकेची बाहेरची अर्धी बाजू बधिर होत असेल तर मनगटाला दोष देऊ नका, कोपराकडे बघा. कोपर आपटल्यावर जी झिणझिणी थेट करंगळीपर्यंत जाते, तीच ती तार. तिचं नाव अल्नर. कोपराच्या आतल्या बाजूला ती हाडाला खेटून, जवळजवळ उघड्यावरच असते. कोपर दुमडलं की ती ताणली जाते. भारतात फोन लावून कानाशी तासभर धरणं, गाडी चालवताना कोपर दारावर टेकवणं, हात उशाखाली दुमडून झोपणं, हे सगळं तिला जाचतं. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून झोपा, म्हणजे ते पूर्ण दुमडणार नाही. फोनला इअरफोन लावा. पंजाची ताकद कमी झाली किंवा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला भाग खोलगट दिसू लागला तर मात्र घरगुती उपाय पुरे.

मानेतून निघतानाही मज्जातंतू दबतो. तेव्हा कळ मानेतून किंवा खांद्यातून खाली उतरते आणि मान वळवली की वाढते. म्हणून डॉक्टर बोटाच्या तक्रारीला मान तपासू लागले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. कुठे दबलंय हे कळायला कधीकधी मज्जातंतूंची विजेची चाचणी करतात. ती थोडी टोचते, पण उपयोगी आहे.

दोरी दुखावली की

आता कंडरांकडे वळू. टेनिस एल्बो हे नाव ऐकून आपल्या एका सभासद काकू म्हणाल्या होत्या, "अहो, मी आयुष्यात रॅकेट धरली नाही!" धरायची गरजही नाही. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी मनगट उचलणारे स्नायू बांधलेले असतात. कणीक मळणं, लाटणं दाबून धरणं, फडकं पिळणं, दुधाचा गॅलन उचलणं, स्क्रूड्रायव्हर फिरवणं, सगळ्यात तेच वापरले जातात. बहुतेकांचा त्रास साधारण वर्षभरात बरा होतो, पण धीर धरावा लागतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शननं इथे चटकन आराम पडतो, पण पुढच्या काही महिन्यांत त्याचा फायदा टिकत नाही, उलट दुखणं परत येण्याचं प्रमाण वाढतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम हाच खरा मित्र. शंभर पोळ्या एका दमात लाटण्यापेक्षा कणीक फूड प्रोसेसरमध्ये भिजवा आणि लाटणं मुठीत आवळू नका. चव बदलत नाही, आम्ही खात्री करून घेतली आहे.

दुसरं दुखणं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला. 1895 साली स्वित्झर्लंडचे सर्जन फ्रिट्झ द केरवॅं यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव. अमेरिकेत याला गमतीनं आईचा अंगठा म्हणतात. आपल्याकडे मात्र 'आजीचा अंगठा' म्हणायला हवं. बाळाला उचलताना आपण दोन्ही अंगठे ताणून त्याच्या काखेत घालतो आणि उचलतो. दिवसातून पन्नास वेळा. त्यात इथलं ते बाळासकट कार-सीट एका हातानं उचलणं! त्याऐवजी तळवे वर करून बाळाला सुपात घेतल्यासारखं उचला, एक हात कुल्ल्यांखाली, एक पाठीला. कार-सीट गाडीतच राहू द्या. अंगठ्याला आधार देणारी पट्टी लावा. बहुतेकांचं तेवढ्यानं किंवा एखाद्या इंजेक्शननं भागतं.

तिसरं, सकाळी बोट वाकलेलंच राहतं आणि टक्कन आवाज होऊन सुटतं. हे ट्रिगर फिंगर. मधुमेहींमध्ये जास्त. मोडून-ओढून सरळ करण्याचा खेळ करू नका, दाखवा.

खांदा, टाच आणि मांडी

चाळिशी ते साठीच्या मंडळींना, त्यातही मधुमेहींना, खांदा गोठतो. आधी दुखतो, मग अडकतो. मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही, ब्लाउजचा मागचा हुक लावता येत नाही, वेणी घालता येत नाही. दुखतं म्हणून हात गळ्यात बांधून ठेवला तर तो आणखी अडकतो. हा खांदा बहुतेक वेळा सुटतो, पण एक ते तीन वर्षं घेतो. हलका, रोजचा व्यायाम आणि साखरेवर ताबा, हे त्याचं औषध.

सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं वाटतं आणि चार पावलं चालल्यावर कमी होतं? तळपायाच्या पट्ट्याची ती तक्रार आहे. आपण घरात चप्पल काढतो, ती चांगली सवय. पण इथली लाकडी आणि टाइल्सची जमीन कडक असते. घरातल्यासाठी मऊ तळाची वेगळी चप्पल ठेवा. पोटरी ताणण्याचा व्यायाम उठण्याआधी करा. पाण्याची बाटली गोठवून तिच्यावर तळपाय फिरवा, आराम पडतो.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर किंवा जळजळता वाटत असेल आणि ताकद ठीक असेल, तर पट्टा, जीन्स किंवा परकराची नाडी किती घट्ट आहे ते बघा. कमरेच्या हाडाजवळ त्वचेची एक तार तिथे चेपते. पोट वाढलं तरी चेपते. आणि मांडी घालून तासन्‌तास भजनाला बसल्यावर पाऊल वर उचलेना झालं, तर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला असलेली तार दबलेली असू शकते. बैठक बदलून थोड्या वेळात नीट झालं तर ठीक. नाही झालं तर त्याच दिवशी दाखवा.

आणि दोन्ही पायांच्या तळव्यांना मोजे घातल्यासारखा बधिरपणा असेल तर ती दबलेली नस नसते. तिथे आधी मधुमेह आणि बी-12 जीवनसत्त्व तपासायचं. शाकाहारी मंडळींमध्ये आणि मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-12 कमी पडू शकतं. रक्ताची साधी तपासणी आहे. वेळेवर केली तर पुढचं बरंच नुकसान टळतं.

वेदना नसते तेव्हा

'बधिर' या शब्दाची आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला वेगळी धास्ती होती. बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोग, आणि कुष्ठरोग म्हणजे घराबाहेर. त्या भीतीवर मात करायला बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं. पण याच गोष्टीचा एक धागा आपल्या या देशापर्यंत येतो.

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म 1914 सालचा, तमिळनाडूतल्या डोंगरात, मिशनरी आईवडिलांच्या घरी. 1946 पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करू लागले. कुष्ठरोग्यांची बोटं आजारानं आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवलं की रोगानं मज्जातंतू बधिर होतो, मग चटका, काच, घट्ट चप्पल काहीच जाणवत नाही आणि जखमा होऊन बोटं जातात. त्यांनी निकामी झालेल्या हातांमध्ये चांगल्या स्नायूच्या कंडरा दुसरीकडे जोडून पकड परत आणण्याच्या शस्त्रक्रिया विकसित केल्या. 1966 साली ते अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात आले आणि 1986 पर्यंत तिथे राहिले. तिथे त्यांनी तीच दृष्टी मधुमेहींच्या बधिर पावलांना लावली. योग्य पादत्राणं, रोज पाय बघणं, जखमेवरचा भार काढणं. आज तुमचा डॉक्टर मधुमेहाच्या तपासणीत मोजे काढायला सांगतो आणि पायाला बारीक तंतू टोचून "कळतंय का?" विचारतो, त्यामागे वेल्लोर आणि कारव्हिलच्या त्या रुग्णांचं ऋण आहे.

सांगायचं कारण, वेदना आपल्या घराचा राखणदार आहे. तो भुंकायचा थांबला म्हणून चोर गेला असं समजू नका. "आता दुखत नाही, नुसतं बधिर आहे" हे वाक्य ऐकून आम्हाला हायसं वाटत नाही. काळजी वाटते.

नोकरी आणि कायदा

आपल्यापैकी बरेचजण कॉम्प्युटरसमोर बसतात. खरं सांगायचं तर कीबोर्ड आणि कार्पल टनेल यांचा संबंध लोक समजतात तितका पक्का सिद्ध झालेला नाही. जोर लावून पकडणं, मनगट वाकवून तेच ते काम करणं आणि थरथरणारी यंत्रं यांचा संबंध जास्त स्पष्ट आहे. पण कॉम्प्युटरमुळे मान, खांदे आणि हात दुखतात, हे खरंच. कोपर शरीराजवळ, मनगट सरळ, पाऊल जमिनीला टेकलेलं आणि अर्ध्या-पाऊण तासानं दोन मिनिटं उठणं. महागडी खुर्ची घेऊन सहा तास न उठण्यापेक्षा साधी खुर्ची आणि वारंवार उठणं बरं.

या दुखण्यांनी अमेरिकेत संसदेचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे दरवाजेही ठोठावले आहेत. कामगारांच्या सुरक्षेचं केंद्रीय खातं, म्हणजे ओशा, यांनी नोव्हेंबर 2000 मध्ये अशा दुखण्यांसाठी नियम जाहीर केले. मार्च 2001 मध्ये काँग्रेसनं ते रद्द केले. केंटकीतल्या टोयोटाच्या कारखान्यात काम करणाऱ्या एला विल्यम्स यांना कार्पल टनेल आणि कंडरांचा दाह होता. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी 2002 मध्ये न्यायालयानं म्हटलं की नुसतं कारखान्यातलं काम करता येत नाही एवढं पुरेसं नाही, दात घासणं, अंघोळ, घरकाम अशी रोजची मुख्य कामं करता येतात की नाही ते बघायला हवं. हा निकष फार कडक झाला म्हणून काँग्रेसनं 2008 साली कायदा बदलला आणि अपंगत्वाची व्याख्या रुंद केली.

आपण यातून काय घ्यायचं? कामामुळे दुखणं झालं असेल तर ते वरिष्ठांना वेळेवर आणि लेखी कळवायचं. मुदती प्रत्येक राज्यात वेगळ्या आहेत. टेबल, खुर्ची, माउस बदलून मागणं यात लाज नाही. व्हिसावर आहोत, कुणी काही म्हणेल का, या भीतीनं आपली तरुण मंडळी गप्प बसतात, हे आम्ही बघतो. दुखणं अंगावर काढून कुणाची नोकरी पक्की होत नाही, हात मात्र जातो.

आई-बाबा इथे आले की

आता सगळ्यांत जिव्हाळ्याचा विषय. नातवंडासाठी आई-बाबा सहा महिने येतात. आई स्वयंपाकघर हातात घेते, बाळ कडेवर घेते, डबाभर चकल्या करून फ्रीजरमध्ये ठेवते. रात्री तिचा हात बधिर होतो. ती सांगत नाही. "इथे डॉक्टर महाग, इन्शुरन्स असाच-तसाच, मुलांना कशाला त्रास? परत गेल्यावर बघू." आणि परत गेल्यावर बघणं राहून जातं.

आपल्याकडे सहन करण्याचं फार कौतुक आहे. पण बाबा आमट्यांचंच बघा. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. त्यांनी ते लपवलं नाही. उभं राहून किंवा आडवं पडून काम करायचं, असं कामच दुखण्याभोवती बेतलं. सहन करणं आणि लपवणं यांत हा फरक आहे.

तेव्हा मुलांनो, तुम्हीच विचारा. "आई, रात्री हाताला काही होतं का? कुठल्या बोटाला?" व्हिजिटर इन्शुरन्स घेताना जुन्या दुखण्याबद्दल काय लिहिलंय ते विमानतळावर नव्हे, आधी वाचा. पट्टी लगेच आणून द्या, तिला डॉक्टर लागत नाही. बाळ उचलण्याची पद्धत दोघांनी मिळून शिका. तपासणी भारतात गेल्यावर करायची ठरली तर तारीख इथूनच ठरवा आणि लक्षणं मराठीत कागदावर लिहून द्या.

डॉक्टरकडे नेलंत तर आईला बोलू द्या. आम्ही बघतो, आई दोन मिनिटं सांगते, "रात्री मुंग्या येतात, मग आग होते, सकाळी बोटं आखडतात," आणि मुलगा भाषांतर करतो, "शी हॅज पेन." मगाशी सांगितलेली सगळी श्रीमंती तिथे वाया जाते. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाष्याची सोय विनामूल्य द्यावी लागते. मोठ्या रुग्णालयांत फोनवरून मराठी दुभाषा मिळू शकतो. वेळ ठरवतानाच मागा.

इथे वाट बघायची नाही

एका बाजूचा हात-पाय एकदम लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं. डाव्या हाताची कळ, सोबत छातीत दाब किंवा घाम. पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा बसण्याची जागा बधिर होणं. भारताच्या लांबच्या विमानप्रवासानंतर एकच पोटरी सुजून दुखणं. दुखापतीनंतर बोटं पांढरी, थंड पडणं. यात पट्टी, तेल, शेक काही नाही. पोटरी सुजली तर त्याच दिवशी डॉक्टर, बाकी सगळ्याला तडक 911. आपल्या दक्षिण आशियाई समाजात हृदयविकार लवकर गाठतो, म्हणून हाताच्या कळेला "गॅस असेल" म्हणू नका.

आम्ही सांगितलं ते सर्वसाधारण आहे, तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीच्या जागी ते वापरू नका.

मंडळी, आजच्या निधीत तुम्ही दिलेला प्रत्येक डॉलर कुणाच्या तरी उपयोगी पडणार आहे. त्याबद्दल समितीतर्फे आभार. आणि आणखी एक वर्गणी मागतो. आज घरी गेल्यावर भारतातल्या किंवा शेजारच्या खोलीतल्या आपल्या माणसाला एकदा विचारा, हाताला काही होतं का? उत्तर "काही नाही रे" असं आलं, तर पुन्हा एकदा विचारा.

आता वडे गार होताहेत. रांगेत शांतपणे जा, ताट दोन्ही हातांनी धरा!



— आरोग्य समिती